सुयांचं पथ्य

चि. राजेश्रीस,
पालमहून बाबांचा आशीर्वाद.

जबडा आता बरा आहे. भाकरी चावता येते, जांभई देताना कानाजवळ कटकन वाजत नाही. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांचा गुण आला. फोनवर मात्र मी तुला अजून 'दुखायलंय' असंच सांगतो.

परभणीला तुझ्याकडे होतो तेव्हाचं आठवतं? गालात, कानापुढे आणि हातावर सुया टोचून डॉक्टरीणबाईंनी मला निजवलं. हलू नका, बोलू नका म्हणाल्या. पडद्यापलीकडे तू होतीस.

"मॅडम, कविता म्हणू नका म्हणून तुमीच सांगा. सकाळपासून लय जोरात म्हणायलेत, घरात सगळे वैतागलेत. मी म्हणलं तर रुसतील."

"हळू म्हणल्या तर चालतंय त्यांना."

"न्हाई, पार बंदच सांगा."

गालात सुया, म्हणून मी हूं की चूं केलं नाही. चिमणीची कविता ऐकल्याशिवाय तू दूध प्यायची नाहीस, ते दिवस आठवत पडून राहिलो.

काल नातवासाठी तुझा फोन आला. "बाबा, हरिओमच्या शाळेत कवितांची स्पर्धा हाय. ती चिमणीची कविता त्याला म्हणून दाखवा की."

पहिली ओळ ओठांवर आली होती. मी म्हणालो, "डॉक्टरांनी पार बंद सांगितलंय, बाई."

फोन ठेवून अंगणात सगळी कविता म्हटली. एक शब्द चुकला नाही.

हे पत्र टपालात टाकणार नाही. मी बोललो तर तू रुसशील.

तुझा पथ्य पाळणारा,
बाबा