झुनिल्दाचा पाला

३ फेब्रुवारी

आजही सिरिलो तिच्याकडेच गेला! बर्फाच्या पाण्याचा थर्मास काखेत, तेरेरे, आमचा तो गार चहा, प्यायचं शिंग हातात. "जरा पाला घेऊन येतो." पाला घ्यायला अर्धी सकाळ लागते?

झुनिल्दा कोपऱ्यावर खलबत्ता मांडून बसते. विधवा, चाळिशीची, कुटताना सगळं अंग हलतं बाईचं. पुदिना कुटून याच्या थर्मासात टाकते. मग दोघं एकाच नळीने आळीपाळीने पितात — एक घोट तिचा, एक याचा. लग्न झाल्यापासून ते शिंग माझ्या हातात यायचं!

६ फेब्रुवारी

पुदिन्याचा वास घेऊन आला. जेवला. मी ताट आपटलं. त्याच्या लक्षातही आलं नाही.

९ फेब्रुवारी

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय! पाळी जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून खाली सगळं कोरडं पडलंय. चालताना चरचरतं, लघवीला आग होते. आणि सिरिलो जवळ आला की सुरी फिरल्यासारखं. नाताळात तर मी ओरडलेच. तो दचकला — "काय झालं गं?" मी म्हटलं, "झोप येतेय." त्यानंतर त्याने हात लावलेला नाही.

सकाळी तो शिंग पुढे करायचा तेव्हा मी काय करायची? पहिल्याच घोटाला "आभार" म्हणून परत द्यायची. आमच्यात आभार मानले की संपलं, मला आता नको. शेजारी बसून राहिले तर त्या रात्रीचं विचारेल, ही धास्ती. मग तो दुसरीकडे जाणारच.

पण तिच्याकडेच का? चांगली रसरशीत आहे म्हणून? जळो मेली!

१२ फेब्रुवारी

अनुन्सिया ताई आली होती. तिला सांगितलं, अर्धंमुर्धं. म्हणाली, "अगं, नवरा हातचा गेला तर लेस विणत बसशील जन्मभर!" संध्याकाळी पाल्याची जुडी घेऊन आली. उकळायचा, वर व्हिनेगर, रोज त्याने धुवायचं. "तिथे स्वच्छ असलं की सगळं ताळ्यावर येतं."

धुतलं. अंगाची लाही झाली. ताई म्हणते, औषध आहे, झोंबणारच.

२० फेब्रुवारी

रोज धुतेय आणि रोज वाढतंय. आज रक्ताचा डाग दिसला.

ताईला विचारलं, पाला आणलास कुठून? "झुनिल्दाकडून. आणखी कुठून?"

डोळ्यांपुढे काजवे चमकले! माझा नवरा तिचाच पाला पितो आणि मी — त्या जागी — तिचाच पाला! मुद्दाम दिला असणार. मला जाळून माझ्या घरात शिरायचंय सटवीला.

२४ फेब्रुवारी

बसने राजधानीला, आसुन्सिओनला, डॉक्टरकडे. सिरिलोला म्हटलं, लेसचा दोरा आणायला जाते. स्वतः विणलेल्या कॉलरचा ब्लाऊज घातला होता. डॉक्टरपुढे गबाळं कसं जायचं? त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "दोऱ्यासाठी एवढं?" हा मला विचारणार!

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. तपासलं, नमुना घेतला. "पाळी गेल्यावर रक्त दिसलं की दाखवायचंच, मावशी. बरं केलंत." मग समजावलं — पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, योनीची आतली त्वचा पातळ होते, ओलावा जातो. कितीतरी बायकांना होतं, बोलत कुणीच नाही. मी म्हटलं, "मला वाटलं, माझं मनच उडालं." तर म्हणाली, "मनाचा काय संबंध? त्वचा आहे ती."

पाला बंद. व्हिनेगर बंद. आत साबणही नाही, नुसतं पाणी बाहेरून. क्रीमची ट्यूब दिली — दोन आठवडे रोज झोपताना आत लावायची, मग आठवड्यातून दोनदा. धीर धरायचा, गुण यायला महिना-दोन महिनेही लागतात. नवऱ्याजवळ जाताना लावायला वेगळं जेल. आणि दुखलं तर थांबायचं, दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. "नवऱ्याला सांगा," म्हणाली.

सगळं पाळेन. हे शेवटचं सोडून.

८ मार्च

पुन्हा बस, पुन्हा तोच ब्लाऊज. नमुन्यात वाईट काही नाही! येताना बसमध्ये रडले. आगही कमी झालीय.

तो मात्र अजून तिच्याच बाकावर.

१५ मार्च

गेलेच शेवटी झुनिल्दाकडे. सिरिलो नुकताच उठून गेला होता, बाक गरम असेल अजून. म्हटलं, "मुद्दाम दिलास ना तो पाला?"

"कसला पाला?"

"मला धुवायला! खाली!"

तिचा बत्ता हवेतच राहिला. "अगं बाई! तुझी बहीण म्हणाली, लिब्रादाचे पाय सुजलेत! पायांचा पाला तो! तू कुठे—" आणि अशी हसली, अशी हसली, की समोरचा चिपा-पाव विकणारा टोपली ठेवून बघायला लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ताईला खरं सांगायची लाज वाटली, म्हणून पायांचं नाव केलं, आणि भोगलं मी!

तरी सोडलं नाही. "आणि माझ्या नवऱ्याला काय कुटून देतेस रोज?"

"पुदिना. वर त्याचं रडगाणं ऐकते, ते फुकट. कसलं ते त्यालाच विचार. माझे कान किटले."

रडगाणं! ते तिला सांगतो, मला नाही! जीव नुसता जळतोय.

१६ मार्च

आज तो गेला नाही. शिंग भरून माझ्यासमोर बसला. मी तोंड उघडणार, तोच म्हणाला, "लिब्रादा, तो कोण आहे?"

"कोण?"

"ज्याच्यासाठी नटून बसने जातेस. मी जवळ आलो की ओरडतेस, शिंग दिलं की आभार मानतेस. झुनिल्दा म्हणते, मला काय विचारतोस, तिला विचार."

डोळे लाल त्याचे. म्हणजे हाही जळत होता!

ट्यूब आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. "हा. आठवड्यातून दोनदा येतो." मग सगळं सांगितलं. अगदी सगळं.

ट्यूब हातात फिरवत म्हणाला, "दुखत होतं तर बोलायचं नाही का गं, वेडे?"

शिंग प्यायले. परत दिलं. आभार मानले नाहीत.