ऑनर्ससाठी फक्त पंधरा जागा

३ जुलै, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहायला हवी.

इंजिनिअरिंगच्या ऑनर्स प्रोग्रॅमसाठी विद्यार्थी निवडायचे आहेत. विभागप्रमुख सरांनी त्याची समन्वयक म्हणून मला नेमलं. विभागात अकरा शिक्षक, त्यात मी सगळ्यात नवी आणि हंगामी, तरी मलाच. बाकी दहा जणांनी आधीच हात वर केले होते, असं ऑफिसातले शिक्केवाले काका म्हणाले. (त्यांच्या टेबलावर सात शिक्के असतात आणि जीभही तशीच, पडेल तिथे उमटणारी.) मी मनावर घेतलं नाही.

जागा पंधरा. अर्ज निदान तीनशे येतील. म्हणजे दोनशे पंच्याऐंशी मुलांना नाही म्हणावं लागणार. झोप लागेल असं वाटत नाही.

४ जुलै

लागली.

घरी सांगितलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे ऑनर्स म्हणजे काय इथूनच सुरुवात. हुशार मुलांनी सगळ्यांचे विषय शिकून वर आणखी पाच शिकायचे, दोन वर्षं, दर शनिवारी सकाळी सातला. बाबा गवंडीकाम करतात. त्यांनी विचारलं, की जादा काम केल्यावर जादा काय मिळतं? मी म्हटलं, मान. बाबा नुसतं हं म्हणाले आणि पायावरचं सिमेंट खरवडत बसले.

आईचा प्रश्न एकच. यानंतर तुला कायम करतील ना गं? मी हो म्हणाले. सर तसं बोललेले नाहीत, पण त्यांचा चेहरा तसा होता.

६ जुलै

आत्याचा फोन. तिच्या शेजारणीचा मुलगा तुमच्या कॉलेजात येतोय म्हणाली. पुढचं ऐकूनच घेतलं नाही. वशिला, गुणवत्ता, माझी तत्त्वं यांवर वीस मिनिटं बोलले. शेवटी आत्या म्हणाली, अगं माझे आई, तो तुमच्याकडे लिफ्ट दुरुस्त करायला येतोय, गाडी कुठे लावायची एवढंच सांग.

तरी बरं झालं. माझी भूमिका नातेवाइकांत स्पष्ट झाली.

७ जुलै, शुक्रवार

निवडीची पद्धत तयार. टप्पे नऊ. अर्ज, लेखी परीक्षा, निबंध, गटचर्चा, मुलाखत वगैरे. लेखी परीक्षेचा कटऑफ साठ. काकांनी कागद वरखाली केला आणि विचारलं, बाई, पोरं चंद्रावर पाठवायचीत का?

नकाराचं पत्रही लिहून ठेवलं. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा थांबले. 'तुमची वाट वेगळी आहे, आणि ती याहून सुंदर आहे' हे वाक्य जमून गेलं आहे.

१३ जुलै

अर्ज चार. त्यातला एक लायब्ररीच्या कार्डाचा. चांगली मुलं शेवटच्या दिवशीच येतात.

१४ जुलै, शेवटचा दिवस. संध्याकाळी ५

एकूण एकोणीस. थोडे आहेत, पण वेचक. तीनशे आले असते तर प्रत्येकाकडे नीट लक्ष देता आलं नसतं. सरांना तसं सांगितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

१८ जुलै, मंगळवार

लेखी परीक्षा. तेरा जण आले. साठच्या वर सहा. पेपर उत्तम निघाला याचा हा पुरावा. उरलेल्या सात जणांना दुपारी स्वतः जाऊन पत्रं दिली, टपाल बरं नाही वाटलं. एका मुलीने तिथेच उघडून वाचलं आणि माझा हात हातात घेतला.

फार समाधानाचा दिवस.

१९ जुलै

सरांनी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. किमान दहा विद्यार्थी नसतील तर वरून मंजुरी येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणाले. मला माहीत नव्हतं. मी मान हलवली. प्रोग्रॅम नाही तर समन्वयक नाही, आणि तुमची मुदत एकतीसला संपतेय, तेव्हा बघा काय ते.

सहा आहेत. चारच हवेत. माझ्यासारखीला हे अवघड नाही.

२० जुलै

वर्गावर्गांत जाऊन बोलले. ज्ञानासाठी ज्ञान, असा विषय धरला. तिसऱ्या वर्षात शांतता पसरली. मुलं विचारात पडली असावीत असं वाटलं, मग मागून घोरण्याचा आवाज आला. वर्गात पहिली येणारी मुलगी बाहेर भेटली. मॅडम, तुमचं सगळं पटतं, म्हणाली, पण शनिवारी सकाळी मी माणसात नसते.

नवे अर्ज शून्य.

२१ जुलै, शुक्रवार

तत्त्व न सोडता लवचीक होता येतं. खास बाब म्हणून कटऑफ पंचेचाळीस केला. सातही जण आत आले. आनंदाने सांगायला गेले, तर चौघांनी ठाम नकार दिला. हात हातात घेणारी म्हणाली, मॅडम, ते पत्र वाचून माझे डोळे उघडले, मी आता माझ्या वेगळ्या वाटेने जाणार. पत्र तिने वहीत जपून ठेवलं आहे.

मी त्या पत्राविरुद्ध अर्धा तास बोलले. पत्र भारी पडलं.

बाकीचे तिघे तयार झाले, मुलाखत नको या अटीवर. गटचर्चाही नको. निबंध तर नकोच. दिलं सोडून. एकूण नऊ.

२४ जुलै

नऊ.

२५ जुलै

नऊ. बाबांनी कामावर सगळ्यांना सांगून टाकलंय, की मुलगी कायम होणार. मुकादम घरी येऊन अभिनंदन करून गेला. मी थँक यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

२६ जुलै, बुधवार

शिक्केवाले काका देवमाणूस आहेत, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. त्यांनी कपाटाच्या तळातून नियमांची जुनी फाईल काढली. सेवेतल्या कर्मचाऱ्याला विद्यार्थी म्हणून प्रवेश घेता येतो. बघा, म्हणाले, दहावं माणूस माझ्यासमोरच उभं आहे.

आधी हसू आलं. मग वाटलं, सेनापतीनेही रांगेत उभं राहावं. मात्र वशिला नाही. मी पूर्ण प्रक्रियेतून जाणार. पेपर मी काढलेला चालायचा नाही, सरांनी नवा काढावा.

२७ जुलै

परीक्षा दिली. सोपी होती.

२८ जुलै, शुक्रवार

एकेचाळीस.

सरांचा पेपर अभ्यासक्रमाला धरून नव्हता. शिवाय पंखा बंद होता. सेवेतल्या उमेदवारांवर कामाचा ताण असतो, हे लक्षात घेऊन त्यांचा कटऑफ चाळीस असावा, असं टिपण मी सकाळी समन्वयक म्हणून सादर केलं. सरांनी न वाचता सही केली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुम्हाला ऑनर्स का करायचंय? याचं आदर्श उत्तर मीच लिहून दिलेलं आहे. त्यातला एक शब्द आठवेना. सर म्हणाले, ठीक आहे, घ्या यांना.

निवड झाली! मंजुरीही येणार.

२९ जुलै

मध्येच सोडणार नाही, या हमीपत्रावर पालकांची सही लागते. बाबा कामावरून आले तसे, हात न धुता सही केली. मग कागद लांब धरून बघत राहिले. म्हणाले, तू पोरं निवडणार होतीस ना गं? मी म्हटलं, निवडली की, दहा. त्यांतली एक तू का, असं त्यांनी विचारलं. आई त्यांना म्हणाली, तुम्हाला शिक्षणातलं काय कळतंय?

३१ जुलै, सोमवार

मंजुरी आली. माझी मुदतही वाढली, दोन वर्षं, हंगामी. कायम कधी करतील, असं काकांना विचारलं. काका म्हणाले, छे, ज्याचं नाव विद्यार्थी म्हणून पटावर आहे त्याला कायम करता येत नाही, त्याच फाईलमध्ये आहे, पुढच्या पानावर. आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, तुम्ही पान उलटलं नाहीत, मला वाटलं वाचलं असेल.

म्हणजे नाव काढलं तर नऊ होतात आणि नोकरी जाते. ठेवलं तर नोकरी राहते, पण कायम होत नाही. घरी सांगितलेलं नाही. आईने नव्या साडीचं ब्लाऊज शिवायला टाकलंय, माझ्या कायमच्या ऑर्डरच्या दिवशी घालायला.

५ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ७.४०

पहिला तास. शिकवायला मीच. हजेरी घेतली. दहावा नंबर पुकारला आणि हजर म्हणाले. आणखी दोघे आले होते, ते आपसात हसले आणि हजेरी झाल्यावर गेले.

दुपारी १२

ऑफिसात जाऊन नाव काढून घेण्याचा अर्ज मागितला. काकांनी दिला. खाली समन्वयकाची शिफारस लागते म्हणाले. अर्ज भरला, कारण लिहिलं, दोनदा वाचला. उमेदवाराची अडचण खरी आहे, भाषाही नम्र आहे.

नामंजूर केला.