उतरताना लावायचं राहिलं

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी नऊ वीसला सगळं संपलं. गाडी आली, दार उघडलं, आणि दारात ती नव्हती!

तिच्या जागी एक म्हातारा कंडक्टर. पिकलेल्या मिशा, खिशावर नावाची पट्टी – सिद्धाप्पा. मी पायरीवरच थांबलो. मागून बायका ओरडायला लागल्या. मी विचारलं, "रोजच्या मॅडम कुठं आहेत?" तर म्हणतो, "आजपासून मीच मॅडम. कार्ड लावा अन् फुडं सरका." सगळी गाडी हसली. कानशिलं तापली माझी. कार्ड लावलं. हिरवा दिवा. टिंग.

अशोक चौकात उतरलो. मागच्या दाराच्या डब्याला कार्ड लावलं नाही – सवय. कुणी हाक मारली नाही.

१९ नोव्हेंबर

आजही म्हाताराच. कारखान्यात दिवसभर टॉवेलांच्या घड्या उलट्या घातल्या. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या.

२० नोव्हेंबर

हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून वहीत.

सिटी बसच्या कार्डाचा नियम सोपा. चढताना पुढच्या डब्याला लावायचं, उतरताना मागच्या. मधलं अंतर मोजून तेवढंच भाडं जातं. उतरताना विसरलं तर शेवटच्या स्टॉपपर्यंतचं कापतात. पहिल्या दिवशी मी खरंच विसरलो. सप्टेंबर होता, कॉलेज सोडून आठवडा झाला होता. (सोडलं म्हणजे – सरांच्या अंगावर जर्नल फेकलं आणि परत गेलोच नाही. लिहायला नको वाटतं. पण फेकलं होतं.) त्याच तंद्रीत उतरलो, दहा पावलं गेलो, आणि मागून हाक – "ओ कार्डवाले! उतरताना लावायचं राहिलं की!"

दारात उभी. एक हात दांडीला. हसत होती. माझ्यासाठी गाडी थांबवली होती! खोलीत एकटा, कॉलेजची पोरं फोन उचलत नव्हती – त्या अख्ख्या महिन्यात मला कुणी हाक मारली असेल तर ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम विसरलो. तिनं मारली हाक. मी मागं वळून हात हलवला – राहू द्या, कापू दे! – आणि रुबाबात निघालो. मग रोजच. नाव पट्टीवर वाचलं. सिद्धेश्वरी. दसऱ्यापर्यंत ती अख्खं वाक्य म्हणायची. नंतर नुसतं "कार्ड!" दिवाळीनंतर तेही नाही. नुसती बघायची.

मला वाटतं, आता आमच्यात शब्दांची गरज उरली नव्हती.

२१ नोव्हेंबर

आज मी हात उचलला. बापाच्या, आबांच्या, वयाच्या माणसावर.

अशोक चौक आला. सिद्धाप्पा म्हणाले, "तम्मा, उतरताना कार्ड लाव की. रोज बघतोय मी." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, प्रेमानंच म्हणाले असतील. पण माझं टाळकं सटकलं. "तू कोण मला सांगणार? मॅडमला कुठं हाकलली ते सांग आधी!" आणि ढकललं. ते दारावर आपटले. चष्मा पडला. पिशवीतली चिल्लर पायऱ्यांवरून थेट रस्त्यावर.

ते वाकून एकेक नाणं वेचायला लागले. वेचता वेचताच बोलले, आवाज न चढवता – "तिला मेमो आलाय बघ. तिच्या गाडीत दोन महिने रोज एक कार्ड उघडं ऱ्हातंय. चढलेलं दिसतंय, उतरलेलं दिसत न्हाई. रोज ड्युटी संपली की ती त्याचा खुलासा लिहीत बसायची. आता वरचे म्हणत्यात, प्रवाशांचा आकडा वाढवायला स्वतःच कुणाचं तरी कार्ड लावती का काय."

मग मान वर करून विचारलं, "तुला ठावं हाय का रे, कुणाचं कार्ड?"

मी एक नाणंसुद्धा उचलून दिलं नाही. पळालो.

२२ नोव्हेंबर

कार्डाच्या ॲपवर मोजलं. एक्केचाळीस. प्रत्येकापुढं लाल अक्षरात – प्रवास अपूर्ण.

२३ नोव्हेंबर, रविवार

आबा आले होते. मेंढरं सध्या मोहोळच्या अंगाला बसवलीत, तिथून एका दिवसासाठी आले. आईनं भाकरी, ठेचा अन् तुपाची बाटली दिलेली. स्टँडवरून सैफुलला माझ्या खोलीवर सिटी बसनं आलो. जूनमध्ये दोघांची कार्डं आबांनीच रांगेत उभं राहून काढलेली. त्यांनी धोतराच्या कनवटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं, डब्याला लावलं, टिंग ऐकलं, मगच पुढचं पाऊल टाकलं. उतरताना पुन्हा तसंच. मागं लोक खोळंबले तरी घाई नाही.

एकजण म्हणाला, "मामा, आवरा की, मशीन पळून न्हाई जात!"

आबा म्हणाले, "मशीन न्हाई जात. माणूस जातंय. आमी रातीला वाघरीच्या कोंडवाड्यात मेंढरं घालताना मोजतो, सकाळी काढताना मोजतो. न्हायतर एखादं जाळीत ऱ्हायलंय का लांडग्यानं नेलंय, कळायचं कसं?"

"म्हंजे आमी मेंढरं व्हय?"

"मेंढरं बरी. ढकलाढकली करत्यात, पण मोजून घेत्यात."

लोक हसले. मला हसू येईना. ढकलाढकली हा शब्द नेमका कुठं लागला ते मलाच ठाऊक. जे त्यांना एका दिवसात समजलं ते मला दोन महिन्यांत समजलं नाही. समजलं नाही कसलं – समजून घ्यायचं नव्हतं!

कॉलेजचं आबांना माहीत आहे. तो विषय ते काढत नाहीत. संध्याकाळी जाताना म्हणाले, "जेवला न्हाईस धड. कुणाचं नुस्कान केलंस व्हय?"

मी जमिनीकडं बघत राहिलो.

"मग ज्याचं केलंस त्याच्याकडं जा की. माज्या पायाकडं बघून काय हुतंय?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

खाडा केला. डेपोत गेलो. फाटकातून दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आत.

साहेबांच्या टेबलावर कार्ड ठेवलं. "हे उघडं राहणारं कार्ड माझंय. मॅडमचा काही संबंध नाही." साहेबांनी नंबर संगणकात घातला. यादी बाहेर पडली ती पडतच राहिली. शेजारचा क्लार्क मोठ्यानं मोजायला लागला.

"एक्केचाळीस! अरे, उतरायचं विसरतोस का घरचा पत्ता विसरतोस?"

"मुद्दाम लावत नव्हतो."

"का?"

काय सांगणार? शेवटी सांगितलं. "मॅडम हाक मारायच्या म्हणून."

क्लार्क हसता हसता खोकायला लागला. चहावाला ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला. साहेब मात्र हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

"तुझं आणि तिचं काय?"

"काही नाही."

"नीट सांग. हे कागदावर जाणार. बोलणं? फोन? ओळख?"

"काही नाही, साहेब. त्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही."

"लिहून दे तसं."

लिहून दिलं. माझ्याच अक्षरात – सदर कंडक्टर व माझी कोणत्याही प्रकारची ओळख नाही. हे वाक्य लिहायला किती वेळ लागला! खोटं लिहिताना कधी इतका वेळ लागला नव्हता. हे खरं होतं.

बाहेर सिद्धाप्पा ड्युटीवर निघाले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांच्या पाया पडलो. "ऊठ, ऊठ. लोक म्हणतील, म्हातारा मेला का काय," म्हणाले. काडी नवी बसवून देतो म्हटलं तर म्हणाले, "दोरा बरा हाय. तू आधी उतरायला शीक."

दिवसभर लाज वाटली. पण खोलीवर आल्यावर – लिहितो, इथं कुणाला दिसतंय – छाती जरा भरून आली. तिला मी वाचवलं! कधी ना कधी तिला कळेलच, कुणी आपणहून जाऊन सगळं अंगावर घेतलं ते. परत नऊ वीसला येईल. मी कार्ड लावीन. चढताना आणि उतरतानाही. मग तीच म्हणेल काहीतरी.

२५ नोव्हेंबर

नऊ वीसला सिद्धाप्पाच. उतरताना कार्ड लावलं. पहिल्यांदा. विचारलं, "मेमोचं काय झालं?" म्हणाले, "फाडला. तुज्या कागदानं काम झालं." मग माझ्याकडं नीट बघितलं. "संध्याकाळी शेवटच्या फेरीला ये. बोलायचंय."

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल संध्याकाळी सिद्धाप्पांकडून कळलं – मेमोनं तिला या गाडीवरून काढलं नव्हतंच. मेमो नंतर आला. आधी तिनंच अर्ज केला होता – एक प्रवासी रोज त्रास देतो, दारात उभा राहून बघत राहतो, दुसऱ्या मार्गावर पाठवा. तिचं घर सात रस्त्याच्या मागं. दुपारी या गाडीची तिथं सुट्टी असायची. अंथरुणाला खिळलेल्या आईला, चंद्रव्वांना, ती तेवढ्यात भरवून यायची. आता मंद्रूपकडच्या गाडीवर. पहाटे जाते, अंधार पडल्यावर येते. आई दुपारची उपाशी. हे तिनं पत्करलं. माझ्यापायी.

सिद्धाप्पा म्हणाले, "तुजं कार्ड आठ दिवस ह्या गाडीत लागलं न्हाई, की साहेबांच्या यादीत दिसंल. मग ती येईल म्हनली."

आठ नाही. कधीच दिसणार नाही.

कार्ड या पानात ठेवलंय. अशोक चौकापर्यंत चालत दीड तास लागतो. सकाळचे साडेसात झाले. चप्पल घातलीय. वही मिटतो, निघतो, दार ओढून घेतो.