ऑक्टोबरचं नवं नाव

प्रिय बारके,

भिंगरीच्या हाती पत्र देतेय. तिला आधी पोटभर जेवू घाल, मग एकटी बसून वाच. सुट्टीला मावशीकडे निघालीय म्हणून स्वारी खुशीत आहे.

तुमच्याकडे बातमी पोचली का? आमच्याकडे ऑक्टोबर उरला नाही. त्या महिन्याला मोठ्या साहेबांचं नाव दिलंय. दुकानादुकानांतल्या कॅलेंडरांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. परवा माझ्या शिवणाच्या दुकानात एक गिऱ्हाईक सवयीनं बोलून गेली, "ऑक्टोबरात कोट हवाय हं." लगेच जीभ चावली, दाराकडे बघितलं आणि कापड तसंच टाकून गेली. न्यायलाही आली नाही.

तुझ्या भावोजींना तर तू ओळखतेसच. इतिहास म्हटला की जिभेला हाड नाही. वर्गात महिन्यांची नावं कशी पडली ते शिकवत होते. जुन्या रोममध्ये वर्ष मार्चला सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा. सप्त, अष्ट, नव, दश, ऐका की पोरांनो, आपलेच आकडे! पुढे वर्ष जानेवारीत सुरू झालं, नावं मात्र तीच राहिली. जुलै आणि ऑगस्ट ही तिथल्या सत्ताधाऱ्यांची नावं. इथवर सगळं पुस्तकातलंच होतं. मग आपल्या भिंगरीनं हात वर केला. "सर, ऑक्टोबरला आधी कुणी आपलं नाव दिलं होतं का?" शाळेत ती बापाला सरच म्हणते. हे म्हणाले, "दिलं होतं की, एका सम्राटानं. पुढे त्याला राजवाड्यातच मारलं, आणि महिना पुन्हा ऑक्टोबर झाला." वर्ग खो खो हसला. पोरं ती, घरी जाऊन हसत हसत सांगणारच.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका घरी आल्या. चहाला हात लावला नाही. "तब्येतीचं कारण सांगून रजा टाका, मास्तर," एवढं बोलून उठल्या. मग समोरच्या फुटपाथवर एक माणूस येऊन बसायला लागला. शेंगदाणे खातो, माझ्याकडे बघून ओळखीचं हसतो. शेजारीण जिन्यात दिसली की माघारी वळते. आणि एका दुपारी दोघंजण आले. फार अदबीनं म्हणाले, "जरा बोलायचंय, जेवायच्या वेळेला सोडतो." हे चपला घालता घालता म्हणाले, "आमटीत मीठ कमी पडलंय, बघ." मी मीठ घातलं. ताट वाढून बसले.

चौकीवर गेले तर म्हणाले, असा कुणी इथं आलाच नाही.

भिंगरीला सांगितलंय की बाबा परीक्षेच्या कामाला परगावी गेलेत. तिनं ऐकून घेतलं. पण परवा केस विंचरताना हळूच म्हणाली, "मी विचारलंच नसतं तर?" मी तिच्यावर उगाच ओरडले. तू तसं करू नकोस. तिला जवळ घे.

काल तो शेंगदाणेवाला दुकानात आला. गुंडी लावायला दिली आणि विचारलं, "मुलगी कितवीत आहे तुमची?" म्हणून ती आज तुझ्या दारात आहे. सुट्टी संपली तरी तिथंच राहू दे. शाळेत आईच्या जागी तुझं नाव घाल. माय मरो, मावशी जगो असं आपण चेष्टेत म्हणायचो ना, ते आता खरं कर. मी इथंच थांबते. हे आले तर दार उघडायला कुणीतरी हवं. आणि बारके, "भिंगरीला परत पाठव" असं पत्र माझ्या अक्षरात आलं, खाली माझी सही असली, तरी पाठवू नकोस.

तुझीच,
ताई