जुन्या इन्क्युबेटरमधली अंडी

४ फेब्रु. १९७५, मंगळ.
माझी विद्यार्थिनी सुप्रिया, तिच्या लेखाची प्रुफं आली. आधी तिचं नाव, मागे माझं. तीन वर्षं गेली यात. यकृताच्या पेशींच्या केंद्रकातलं प्रथिन कोंबडीच्या कोवळ्या गर्भाला दिलं की वाढ मागे पडते. ते कुठले तरी जीन बंद ठेवत असावं. तेहेतीस तासांत साध्या गर्भाच्या पाठीत कण्याचे दहा खंड सुटे होतात, प्रथिन दिलेल्यात सात. २० तारखेला तिची लेक्चररच्या जागेसाठी मुलाखत. दाखवायला हा एकच लेख.
आनंद व्हायला हवा. ‘दोन्ही गट एकाच तापमानाला ठेवले’ या वाक्यापाशी अडकले.

५ फेब्रु.
तापमानाची वही पाहिली. सकाळी दहा, संध्याकाळी पाच, दोन्हीकडे साडेसदतीस. मधलं कोण बघतं?
साधी अंडी नव्या इन्क्युबेटरमध्ये. तो शेजारच्या हॉस्पिटलच्या लाइनवर, वीज जात नाही. प्रथिन टोचलेली जुन्यात, कारण ती गळतात, नवा घाण व्हायला नको. वाटणी माझीच.
घरी याच रोजनिशीची डिसेंबरची पानं उलटली. ‘दुपारी लॅबमध्ये वीज नाही.’ लेखातल्या पाच प्रयोगांपैकी चारांच्या दिवशी. थंडीत दोन-दोन तास गार पडलेला गर्भ मागे राहणारच. मग प्रथिनाने काय केलं?

६ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, “प्रुफं तपासायची असतात, प्रयोग नव्हे.” मग पेपरामागून, “तिची मुलाखत तरी होऊ दे.”
माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. 

७ फेब्रु.
संपादकांना तार केली, छपाई थांबवा. सुप्रियाला नंतर सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. तिने विनवलं असतं तर ऐकलं असतं, म्हणून तर...
“दीदी, हाच संशय तुम्हाला एकवीस तारखेला नसता का आला?”


१० फेब्रु., सोम.
सकाळी आठला वीस अंडी, दहांना प्रथिन, सगळी नव्यात. गळू देत. कुठल्या क्रमांकाला प्रथिन, ती यादी सुप्रियाने केली, पाकिटात बंद.
“माझ्यावर विश्वास नाही?”
“माझ्या डोळ्यांवर नाही.”
“मग चष्मा बदला, दीदी. लेख कशाला?” पण यादी नीट केली.

११ फेब्रु.
पाचला मोजायला बसलो. मी सूक्ष्मदर्शकातून आकडा सांगायची, ती लिहायची. दहा, सात, दहा, नऊ, आठ, सात... दोन गट पडताहेत असं वाटतं, तोच मधला एखादा येतो. यादी तिला पाठ असणार, म्हणून तिच्याकडे पाहिलं नाही.
अठराव्याला नऊ म्हटलं. पेन थांबलं.
“हे परत मोजा ना, दीदी.”
परत मोजलं. नववा खंड अर्धाच सुटा झालेला. धरला तर नऊ, नाही तर आठ.
आधीचे सतरा तिने परत मोजायला सांगितले नव्हते. अठरावं कुठल्या गटातलं, ते आता मलाही कळलं.