इंजिनाचं पॉलिश

५ मार्च, बुधवार
सोमवारी सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. साडू आपली नवी गाडी आणतो म्हणत होता. फोनवर ठणकावलं, जावई मीही आहे, आमच्याच गाडीतून जायचं. रविवारी इंजिन धुऊन असं पॉलिश करतो की साडूनं त्यात बघून भांग पाडावा. मेकॅनिक कशाला? व्हिडिओ पाहिलेत.

८ मार्च, शनिवार
गाडी तोंड आत करून गॅरेजमध्ये घातली. काम पूर्ण होण्याआधी शेजाऱ्यांनी पाहू नये. गॅरेज अरुंद, गाडीची दारं उघडत नाहीत. डिकीतून बाहेर आलो. कमरेला व्यायाम.

९ मार्च, रविवार, सकाळ
नाजूक भागांत पाणी जाऊ नये म्हणून ठिकठिकाणी प्लास्टिकच्या पिशव्या कोंबल्या. बायको म्हणाली, मोजून ठेव. म्हटलं, मी काय भाजी आणायला चाललोय?

दुपार
पिशव्या काढल्या. रबरी नळ्यासुद्धा लखलखतायत. बायको म्हणाली, छान, आता कुकरही घे करायला.

दुपारी ३
सुरू होत नाही. घरघरते आणि गप्प. ओलं असणार. बायकोचा हेअर ड्रायर आणला. तिला सांगितलं, पॉलिश मुरतंय.

संध्याकाळ
हेअर ड्रायर जळाला. हलका माल. बॅटरीही धापा टाकतेय. ढकलून बाहेर काढावी तर गॅरेजच्या दारातच चढ. साडूचा फोन, येऊ का? म्हटलं, छे! फोन ठेवल्यावर जीभ चावली.

१० मार्च, सोमवार, सकाळी ७
गाडीत बसून लिहितोय. किल्ली फिरवली की नुसतं टिक. मागे बायको आणि सासरे तयार होऊन उभे. बाहेर पडायची वाट डिकीतून, म्हणजे थेट सासऱ्यांच्या पायाशी. तूर्त बसून राहणं शहाणपणाचं.

सकाळी ८
बायकोनं कालच साडूला गुपचूप बोलावलं होतं. तो भिंतीला घासत पुढे गेला, बॉनेट उघडलं आणि हवेच्या नळीतून एक पिशवी उपसली. म्हणे, इंजिनानं श्वास कुठून घ्यायचा? बायको म्हणाली, भाजीचीच पिशवी आहे. बॅटरी तर केव्हाच संपलेली. मग सगळे साडूच्या गाडीकडे निघाले. बायको मला म्हणाली, तू राहू दे.

मी तेव्हा अर्धा डिकीबाहेर आलो होतो. निघता निघता सासरे माझ्याजवळ थांबले, डिकीतल्या स्टेपनीवरून प्रेमानं हात फिरवला आणि म्हणाले, जावईबापू, इंजिन काय चमकवलंय!

मी आभार मानले.