आमच्या फलकावरची निनावी हरकत

आदरणीय दादांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. (धरून चालतो एवढ्यासाठी, की मागच्या पत्रात तुमच्या गुडघ्याचा उल्लेखच नव्हता, आणि एरवी गुडघ्याला अर्धं पान देणारा माणूस एकाएकी गप्प झाला, की मला शंका येते.) वहिनींना नमस्कार सांगा. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, तुमच्याकडे सुखरूप पोचल्याचं कळलं. तिने स्वतः कळवलं असतं तर अधिक बरं वाटलं असतं. जाताना जरा हवापालट करून येते एवढंच म्हणाली. आता हवापालटाला जाणारं माणूस शिवणाचं हातमशीन बरोबर नेतं का, हा विचार माझ्या मनात आला होता, पण बोललो नाही, कारण तेव्हा माझं सगळं चित्त नगरपालिकेत होतं. घर मात्र खायला उठलंय, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

तर आता मुख्य प्रकरण. समोरच्या दातांच्या डॉक्टरने मध्यंतरी दारावर माणसाच्या उंचीचा एक पांढरा दात टांगला, हे तुम्हाला माहीत नसेल. रात्री तो आतून उजळतो. तेव्हापासून माझ्या चष्म्याच्या दुकानाला लोक 'दातासमोरचं दुकान' म्हणू लागले. इतकी वर्षं या गल्लीची नजर सुधारून शेवटी माझा पत्ता काय, तर दुसऱ्याचा दात! मग मीही ठरवलं, की आपणही चष्मा टांगायचा. साधासुधा नाही, दुकानाच्या दारापासून थेट वरच्या मजल्यापर्यंत, काचांमध्ये दोन टपोरे डोळे, आणि डोळ्यांत दिवे. त्याप्रमाणे नगरपालिकेच्या बांधकाम व जाहिरात समितीकडे रीतसर अर्ज केला. आता त्यांचा नियम असा, की सुनावणी होईपर्यंत फलकाची पुठ्ठ्याची प्रतिकृती, अगदी तेवढ्याच मापाची, त्याच जागी टांगून ठेवायची, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती बघून हरकत घेता येते. (परवानगी द्यायच्या आधी शत्रूंना आमंत्रण देणारं हे जगातलं एकमेव खातं असावं.) मी पुठ्ठा टांगला. खाली दुकानाची पाटी झाकून चालणार नव्हतं, म्हणून तो वर सरकवला. त्यामागे आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आली, पण कुठेतरी काहीतरी मागे येणारच.

याच सुमारास हिने तक्रार सुरू केली, की स्वयंपाकघरात काही दिसत नाही हो. दादा, नवरा चष्मेवाला असताना बायकोला दिसत नाही, ही केवढी नामुष्की! बाहेर कळलं तर माझ्याकडे कोण येईल? मी हातातलं गिऱ्हाईक तसंच बसवून ठेवलं, हिला खाली आणलं, तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि तक्ता वाचायला सांगितलं. हिने वरून खाली घडाघडा वाचला. शेवटची बारीक ओळ वाचली, आणि तिच्याही खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं, जे मला आजवर ठाऊकच नव्हतं. मी एकामागून एक भिंगं लावून पाहिली, तर म्हणते, याच्याशिवायच बरं दिसतं. लग्न झाल्यापासून या बाईला माझ्या धंद्याची एकदाही गरज पडलेली नाही. मी थोडं तोडूनच म्हणालो, की तुझे डोळे ठणठणीत आहेत, उगाच कुरकुर करू नकोस. त्यावर तिने माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. (मी तेही तपासून घेतलं. दोन्ही बुबुळं सरळ रेषेत होती.) मग भाजी चिरताना तिचं बोट कापलं, तेव्हा मी पट्टी बांधून दिली आणि कामात लक्ष देत जा म्हणून समजावलं. एवढी काळजी कोण घेतं हल्ली?

सुनावणीच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. समितीचे अध्यक्ष मधोमध बसले होते आणि त्यांचा एक गाल सुजलेला होता. माझ्या लगेच लक्षात आलं, की दाताला परवानगी झटपट का मिळाली ते. शिवाय त्यांच्या नाकावरचा चष्मा माझ्या दुकानातला नव्हता. आधी कोणाच्या गच्चीवरची पत्र्याची खोली नामंजूर झाली, मग एका बेकरीवाल्याचा फिरता पाव 'वाहनचालकांचं लक्ष विचलित करणारा' ठरला, आणि मग माझा नंबर आला. कारकुनाने घसा साफ करून सांगितलं की एक हरकत आली आहे, हरकतदाराचं नाव नियमानुसार गुप्त राहील. आणि वाचायला लागला. दादा, काय ती भाषा! 'सबब', 'उपरोक्त', 'विनासायास'! म्हणणं एवढंच, की हा फलक लागला तर वरच्या मजल्यावरची उजेडाची एकुलती एक खिडकी कायमची बुजेल, ज्या खिडकीतून कोपऱ्यावरच्या बसथांब्याचं वेळापत्रकसुद्धा बसल्या जागी विनासायास वाचता येतं. सगळ्या समितीने माना डोलावल्या. अध्यक्षांनी गाल धरून निर्णय राखून ठेवला आणि मला लेखी उत्तर द्यायला सांगितलं. पुढच्या बैठकीत उत्तर नसेल तर अर्ज फेटाळला जाणार, आणि मी जन्मभर दातासमोर राहणार.

घरी आल्यावर मी डोकं शांत ठेवून विचार केला. माझ्या खिडकीचा कोणाला एवढा कळवळा? आणि त्या खिडकीतून काय दिसतं हे त्याला कसं ठाऊक? म्हणजे हा इसम कधीतरी माझ्या घरात शिरून तिथे निवांत बसून गेला आहे! मी त्याच संध्याकाळी मागच्या दाराला दुसरी कडी लावली. (हिला हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावून आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे निघाली. घाबरली असणार.) पण शत्रूने एक चूक केली होती. बसथांब्यावरची ती अक्षरं इतक्या लांबून वाचायची म्हणजे नजर घारीची हवी, आणि या गल्लीत कोणाची नजर किती हे माझ्याइतकं कोणाला माहीत? मी मोफत तपासणी जाहीर केली. संशयितांना खुर्चीत न बसवता सरळ दारात उभं केलं आणि थांब्याकडे बोट दाखवलं. दातवाला म्हणाला, बस उभी आहे. तिथे दुधाची टपरी होती. (हा माणूस लोकांच्या तोंडात हत्यारं घालतो!) लाँड्रीवाल्याला थांबाच सापडेना. निवृत्त हेडमास्तरांनी मात्र सगळं वेळापत्रक धाडधाड म्हणून दाखवलं, तेव्हा मी त्यांचा हात पकडणारच होतो, पण ते जुनं निघालं, पाठ केलेलं. थोडक्यात, अख्ख्या गल्लीत ती अक्षरं वाचू शकेल असा एकही माणूस नाही. याचा अर्थ उघड आहे. माणूस बाहेरून आणलेला आहे.

आता तुम्हीच माझा आधार. तुम्ही उभी हयात कचेरीत मसुदे करण्यात घालवलीत. त्या हरकतीला तोडीस तोड असं एक उत्तर लिहून द्या, की समितीची बोलती बंद झाली पाहिजे. हिला यातलं काही बोलू नका, उगाच काळजी करेल.

तुमचा आज्ञाधारक,
दातासमोरचा

ता. क. : पाकीट चिकटवायला डिंक संपला होता, म्हणून खळ करायला पीठ शोधत वर स्वयंपाकघरात गेलो. (ही गेल्यापासून मी बाहेरच जेवतो, तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.) भर दुपारी तिथे काही दिसेना. आधी चष्मा पुसला. मग खाली जाऊन दुसरा आणला. तिसरा चष्मा लावूनही मी पीठ म्हणून धुण्याचा सोडा कालवला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुठ्ठा बाजूला ढकलला. खिडकीपाशी फरशीवर मशीनचा चौकोन उमटलेला आहे, शेजारी तिचं स्टूल. मी त्यावर बसून थांब्याकडे पाहिलं. मला वेळापत्रक वाचता आलं नाही. तिला येतं, हे मी स्वतःच तपासलं होतं. मी गाढव आहे, दादा. तिने माझ्याकडे उजेड मागितला आणि मी तिला भिंगं लावत बसलो.

दु. ता. क. : पुठ्ठा काढून टाकला आहे. दातवाल्याने विचारलं, तर वाऱ्याने पडला म्हणालो. उत्तराचा मसुदा नको. त्याऐवजी अर्ज मागे घेत असल्याचं पत्र लिहून द्या, मी सही करतो.

ति. ता. क. : एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ही आयुष्यात कधी 'सबब' म्हणालेली मी ऐकलेली नाही. 'उपरोक्त' तर नाहीच. मी कोणावर आरोप करत नाही, दादा, वडीलधाऱ्यांवर तर मुळीच नाही. फक्त हरकत ज्या हाताने लिहिली त्याच हाताने हे पत्रही लिहावं, म्हणजे समितीला भाषा ओळखीची वाटेल. आणि ते टपालाने पाठवू नका. या टपालखात्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तिच्याच हाती पाठवा.